दहावा अर्ज

पहिल्यांदा त्याचा आवाज ऐकला तेव्हा तो माझ्यावर चक्क ओरडत होता.

तसा त्याचा दोष नव्हता. त्याच्या मागे कुठेतरी ग्राइंडर पत्र्याला चावत होता, आणि इकडे मी आपली ऑफिसातल्या मऊ आवाजात, "नमस्कार, मी भरती विभागातून बोलतेय," म्हणत होते.

"कोण? मोठ्यानं बोला!"

"भरती! भरती विभाग!"

"थांबा, थांबा... बाहेर येतो."

पावलं वाजली. एक जड दार करकरत सरकलं आणि एकदम शांत झालं. मग तोच आवाज, पण खालच्या पट्टीतला, किंचित धाप लागलेला. "हं, बोला ताई. भरती म्हणालात ना? बरं झालं. आमच्याकडे सध्या ओहोटी आहे."

मला हसू आलं. कामाच्या फोनवर हसायचं नाही, असा आमच्या मोठ्या मॅडमचा नियम होता. मी खोकल्यासारखं केलं आणि छापील कागद पुढे ओढला.

आमचा कारखाना हॉस्पिटलच्या खाटा बनवतो. नवी शेड उभी राहत होती आणि तिच्यासाठी चाळीस माणसं घ्यायची होती. अर्ज चाळायचे, मुलाखतीला बोलवायचं, आणि माणूस पसंत पडला की त्याच्या जुन्या ठिकाणी फोन करून चौकशी करायची. ही शेवटची चौकशी माझ्या गळ्यात होती. सात प्रश्न, सात उत्तरं, खाली सही. तीन वर्षांत ती उत्तरं मला पाठ झाली होती. बहुतेक जण "बरा आहे" म्हणत. आणि कुणाला नकोसा माणूस दुसऱ्याच्या पदरात टाकायचा असला की हमखास म्हणत, "हिरा आहे हो, हिरा!"

मी एका वेल्डरची चौकशी करत होते. अर्जावर मालकांचा नंबर होता, पण मालकांचे गुडघे गेल्यामुळे ते घरी आणि त्यांचा फोन फोरमनकडे. हा तो फोरमन.

"कामावर वेळेवर येतात का?"

"वेळेच्या आधी येतो. बायकोशी फारसं पटत नाही त्याचं."

"...स्वभाव?"

"अबोल. तुम्ही 'कसं काय' विचारलंत तर तो तुम्हाला आज केलेला जोड दाखवेल. पण तो जोड बघितलात की उत्तर मिळेल."

"काही दोष?"

"आहे की! एक तुकडा टाकू देत नाही. सहा महिन्यांत तुमच्या शेडच्या कोपऱ्यात उरलेल्या सळयांचा डोंगर होईल. ओरडा त्याला, पण डोंगर हलवू नका. अडीनडीला तिथूनच काहीतरी निघतं."

मी लिहायची थांबले. पुढचा प्रश्न कागदावर नव्हता, तोंडातून निसटला. "इतका चांगला माणूस... मग तुम्ही सोडताय कसे?"

पलीकडे दूर कुठेतरी एक सायकलची घंटी वाजली.

"सोडत नाहीये, ताई. पाठवतोय. आमचा कपाटांचा कारखाना तीन महिन्यांत बंद होतोय. जागा विकली मालकांनी, त्यांचं वय झालं, मुलांना यात रस नाही. नऊ माणसं आहेत माझ्या हाताखाली. हा पहिला."

"आणि तुम्ही?"

"वाढणारा शेवटी जेवतो," तो म्हणाला. इतक्या सहज, जणू भाजीचा भाव सांगत होता.

वेल्डरला आम्ही घेतलं.

मग दुसरा आला, तिसरा आला. एकाला नोकरी लागली की फोरमन दुसऱ्याला आमच्याकडे धाडायचा, आणि प्रत्येकाच्या मागून माझा फोन. त्या सात प्रश्नांना आधी मला पाच मिनिटं लागायची. फोरमनशी वीस लागू लागली. तिसऱ्या माणसाच्या वेळी माझ्या लक्षात आलं की मी त्याच्या फोनचं काम मुद्दाम दुपारच्या सुट्टीच्या आधी ठेवतेय, म्हणजे मागून कुणी घाई करणार नाही. पाचव्याच्या वेळी आणखी एक गोष्ट लक्षात आली. त्याच्या बोलण्यातलं "ताई" कधीच गळून पडलं होतं. त्याच्या जागी दुसरं काही आलं नव्हतं. नुसती मोकळी जागा... आणि ती मला फार आवडत होती.

"आज आवाज बसलाय तुमचा," तो म्हणायचा.

"सकाळपासून अकरा मुलाखती झाल्यात."

"कोमट पाणी प्या. मी थांबतो."

"अहो, फोन चालू आहे —"

"मग काय झालं? तुम्ही पाणी पिताना ऐकतो. आमच्याकडे ऐकायला नाहीतर ग्राइंडरच आहे."

घरी मी आणि आई, दोघीच. आई पस्तीस वर्षं नर्स होती. आता निवृत्त होऊन माझ्यावर लक्ष ठेवते. माझ्या आत्याने आणलेली स्थळं मी एकामागून एक परत पाठवली तेव्हा आई म्हणाली होती, "मुलाखती घेणाऱ्या पोरीला स्थळ सांगायचं म्हणजे बिचाऱ्याला वाघाच्या तोंडी द्यायचं. पहिल्या पाच मिनिटांत उणंदुणं काढून मोकळी होतेस." पण हल्ली ती मटार सोलता सोलता विचारायची, "आज काय म्हणाला गं तुझा फोरमन?" आणि मी "माझा कसला!" म्हणत सगळं सांगायचे.

सहावा माणूस प्रेसवरचा होता. पत्रा दाबून वाकवणारं मोठं यंत्र असतं, त्यावरचा. मुलाखत झकास झाली होती. मी फोन केला, प्रश्न विचारले, उत्तरं सगळी चांगली. पण फोरमनचा आवाज नेहमीसारखा चालत नव्हता, अडखळत होता.

"काही राहिलंय का सांगायचं?"

"राहिलंय..." त्याने श्वास सोडला. "त्याला प्रेसवर ठेवू नका. उजव्या कानानं त्याला ऐकू येत नाही. गेल्या वर्षापासून. बाजूनं कुणी 'थांब' ओरडलं तर कळणार नाही त्याला. त्यानं माझ्यापुढे हात जोडले होते, सांगू नका म्हणून."

"मग का सांगितलंत?"

"बोटं त्याची जातील. नोकरी दुसरी मिळते, बोटं मिळत नाहीत." मग घाईघाईने, जणू मी फोन ठेवून देईन — "पण ऐका. तुमच्या स्टोअरला घ्या त्याला. कुठला स्क्रू कुठल्या खणात, डोळे मिटून सांगतो. पगार कमी असेल, मला माहीत आहे. तुम्ही नाही म्हणालात तर... ते माझ्या नावावर."

मी मॅडमशी बोलले. स्टोअरमध्ये जागा होती, मिळाली. तो प्रेसवरचा माणूस मात्र पुढचा आठवडाभर फोरमनशी बोलला नाही. ते मला फोरमनने सांगितलं नाही, वेल्डरने सांगितलं, आणि तेही एका वाक्यात. त्या दिवशी बसमध्ये खिडकीशी बसून मी कितीतरी वेळ विचार करत होते. खोटं बोलून स्वतः चांगलं राहणारी माणसं मी रोज ऐकत होते. खरं बोलून वाईटपणा घेणारा हा पहिलाच.

आठवा अर्ज आला तो मावशींचा. कारखान्यात त्यांना सगळे मावशीच म्हणत. रंगकामाला होत्या, स्प्रे मारायच्या. वय बावन्न. आणि आमच्या जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं, कमाल वय पंचेचाळीस. मी तो अर्ज बाजूला ठेवणार, तेवढ्यात फोन वाजला. पहिल्यांदाच त्याने आपणहून केलेला.

"मावशींचा अर्ज पोचला?"

"पोचला. पण... वय."

"रंगाला वय कसं कळतं?"

"मला नका सांगू. नियम मी केलेला नाही."

"मग ज्यांनी केलाय त्यांना विचारा, की खाटेला लागलेला रंग बघून मारणाऱ्याचं वय सांगून दाखवा. सांगितलं तर मी मावशींना घेऊन घरी जातो."

भांडलोच म्हणा ना आम्ही. मी फोन जरा आपटूनच ठेवला. मग दहा मिनिटं त्या अर्जाकडे बघत बसले, आणि उठून मॅडमच्या खोलीत गेले.

मोठ्या मॅडम पन्नाशीच्या. चष्मा साखळीला लावलेला. त्या ऐकताना डोळे मिटतात, त्यामुळे समोरच्याला वाटतं झोपल्याच. मी सगळं बोलले. वयाची अट मुलाखतीला लावा, पण प्रात्यक्षिकाला एकदा उभं राहू द्या, म्हटलं. मॅडमनी एक डोळा उघडला.

"त्यांचं वय किती म्हणालीस?"

"बावन्न."

"माझं त्रेपन्न," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी दहाला बोलव."

सोमवारी दहाला सहा जण रंगाच्या चाचणीला आले. मावशी फाटकापाशीच अडकल्या होत्या. पाय उचलेना. त्यांच्या शेजारी एक किडकिडीत, चष्मेवाला माणूस उभा राहून त्यांना हळू आवाजात काहीतरी समजावत होता. कान जरा पुढे आलेले. शर्टाच्या बाहीवर ठिणगीने पडलेली बारीक भोकं.

मी जवळ गेले. "मावशी, चला ना, सगळे आत गेले."

तो माणूस वळला. "आली बघा भरती," त्याने म्हटलं...

आणि मी जागच्या जागी उभी. तो आवाज! पण मी तर मनात एक आडदांड, मिशीवाला माणूस उभा केला होता. दोन महिने त्याच्याशी बोलत होते.

"तुम्ही?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "आवाज तेवढा मोठा आहे," तो म्हणाला. "बाकी सगळं बेताचंच."

माझ्या हातातले कागद वाऱ्याने फडफडत होते, आणि मी उगाचच ते मोजल्यासारखं करत होते. वर बघितलं तर तोही माझ्याकडेच बघत होता. लगेच त्याने मान वळवली आणि फाटकाच्या बिजागरीकडे बघत म्हणाला, "याला तेल हवंय."

मावशींना मी हाताला धरून आत नेलं. एकेकाला पांढरा रंग आणि खाटेची उशाकडची एक चौकट दिली होती, नळ्यांची, वाकणावाकणांची. तरुण पोरं भराभर मारत सुटली. मावशी आधी पाच मिनिटं नुसत्या त्या नळीवरून फडकं फिरवत राहिल्या. प्रॉडक्शनचे साहेब घड्याळ बघायला लागले. मग मावशींनी तोंडाला रुमाल बांधला, आणि त्यांचा हात जो निघाला तो एकदाही थबकला नाही. वाळल्यावर साहेबांनी सहाही कामांवरून बोट फिरवलं. पाचांवर कुठे ना कुठे ओघळ होता. मावशींच्या कामावरून त्यांनी बोट दोनदा फिरवलं, आणि मग रुमालाला पुसलं.

ही बातमी द्यायला मी फाटकाकडे जवळजवळ धावतच गेले. तो दोन तास तिथल्या दगडी कठड्यावर बसून होता. मला बघून उभा राहिला. माझ्या तोंडाकडे बघूनच त्याला कळलं. त्याने दोन्ही हात वर केले, मग कुठे ठेवावेत ते न कळून डोक्यावर ठेवले.

"भांडल्याबद्दल... माफ करा," तो म्हणाला.

"भांडत जा," मी म्हटलं. "बरं असतं कधीकधी."

तो हसला. मग एकाएकी गंभीर झाला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. "येतो," एवढंच म्हणून तो मावशींना घेऊन निघून गेला.

त्यानंतर तो बदलला. फोनवर नेमकं बोलू लागला, प्रश्नाला उत्तर आणि संपलं. पाणी प्या नाही, आवाज बसलाय नाही. नवव्या माणसाची चौकशी सहा मिनिटांत आटोपली. मला वाटलं, माझं काही चुकलं असेल. नाहीतर... फोनवरची मी बरी होते आणि फाटकातली आवडली नसेन. आईने विचारलं, "आज काय म्हणाला?" मी म्हटलं, "मटार किडके आहेत." आईने मटारची परात आपल्याकडे ओढली.

कारखाना बंद व्हायला तीन आठवडे राहिले. नऊही जण मार्गी लागले होते, सात आमच्याकडे, दोघं दुसरीकडे. आणि आमच्या नव्या शेडला सुपरवायझर हवा होता. शेवटी मीच फोन केला.

"कुठे अर्ज केलाय का तुम्ही?"

"अजून नाही."

"आमच्याकडे जागा आहे. जाहिरात उद्या येईल. कराल?"

"तुमच्याकडे... मला जरा अवघड जाईल."

"का?"

"असंच..."

"असंच म्हणजे काय? माझ्या कागदात 'असंच'साठी जागा नाही."

तो हसला नाही. पण चार दिवसांनी त्याचा अर्ज आला. दहावा. हाताने लिहिलेला, गोल गोल अक्षरात. 'आपल्या कामाची चौकशी कोणाकडे करावी?' या रकान्यात त्याने लिहिलं होतं: 'माझ्या हाताखालचे नऊही जण. मालकांना विचारू नका, ते माझ्याबद्दल वाईट बोलणार नाहीत.'

मी ते वाचलं आणि हसले. मग माझं हसू हळूहळू मावळत गेलं. कारण निवड तिघांनी करायची होती: मॅडम, प्रॉडक्शनचे साहेब, आणि मी. समोर सव्वीस अर्ज पडले होते. पंचवीस मी नीट वाचले. पण सव्विसावा न वाचताच मी त्याला मनातल्या मनात पैकीच्या पैकी मार्क देऊन बसले होते. बाकीच्या पंचवीस जणांनी काय माझं घोडं मारलं होतं? तीही कुणाची तरी माणसं होती, नीट कपडे घालून, आदल्या दिवशी उत्तरं पाठ करून येणारी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या दारात. "मला या निवडीतून काढा."

मॅडमनी डोळे मिटले नाहीत. उलट चष्मा लावला. "का? नातेवाईक आहे कुणी?"

"नाही... अजून नाही."

म्हणून गेले आणि कानांच्या पाळ्या गरम झाल्या. मॅडमनी शांतपणे खण उघडून एक फॉर्म काढला. उमेदवाराशी नातं, व्यवहार किंवा वैर असेल तर ते लिहून द्यायचा फॉर्म. "लिहून दे. तोंडी चालत नाही."

नातं नव्हतं. व्यवहार नव्हता. वैर तर नव्हतंच. खाली 'इतर' असा एक चौकोन होता. मी पेन धरून बसले. 'ओळख आहे' लिहिलं तर खोटं ठरलं असतं. ओळखीपायी कुणी निवड सोडत नाही. ज्या माणसाने एका मित्राचा राग ओढवून घेऊन मला खरं सांगितलं, त्याच्याबद्दलच मी खोटं लिहू? मी लिहिलं: 'मला हा माणूस आवडतो. त्यामुळे बाकीच्यांवर अन्याय होईल.' खाली सही, तारीख.

मॅडमनी वाचलं, घडी घातली, पाकिटात टाकून पाकीट चिकटवलं. "त्याला माहीत आहे?"

"नाही."

"ह्म्. माणसं निवडायला ये म्हटलं तर तू भलतंच निवडलंस," त्या म्हणाल्या, आणि मला स्टेशनरीच्या कपाटाची यादी करायला पाठवलं.

मुलाखतीच्या दिवशी चौघांना बोलावलं होतं. मी काचेपलीकडे स्टेपलर मोजत बसले होते. तो आत गेला तेव्हा माझ्याकडे पाठ होती. इस्त्री केलेला शर्ट, भोकं नसलेला. पन्नास मिनिटं झाली. मी तेच स्टेपलर चार वेळा मोजले आणि चार वेळा वेगळा आकडा आला. मग दार उघडलं. तो बाहेर आला, इकडेतिकडे बघितलं, काचेतून मी दिसले. त्याच्या चेहऱ्यावर एक विचित्र प्रश्न होता. मी हात वर केला. हातात स्टेपलर तसाच. तो जरासा हसला आणि गेला.

दोन दिवसांनी मॅडमनी मला बोलावलं. "बस. तुझा फोरमन लागलेला नाही."

मी बसले होते म्हणून बरं.

"ज्यांना घेतलं त्यांनी दोनशे माणसांची पाळी आठ वर्षं सांभाळलीय. त्या बाईंच्या पुढे तो कमीच पडला, आणि ते त्याने स्वतःच कबूल केलं. चाळीस माणसांवर नजर ठेवायला सांगितली तर हा एकेकाला शिकवत बसेल. माल कधी निघणार?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. खरंच बरोबर होतं. म्हणूनच जास्त लागत होतं.

"पण शिकवत बसणाऱ्यालाही कुठेतरी काम असतंच की." मॅडमनी एक चिठ्ठी पुढे सरकवली. "हे तंत्रशाळेचे मुख्याध्यापक. माझ्याबरोबर शिकायला होते. त्यांना पत्रेकाम आणि वेल्डिंग शिकवणारा हवाय. नोकरीची हमी नाही. एक तास शिकवून दाखवायचा, पोरांना समजलं तर पुढचं बोलणं. हे त्याला सांग. आणि नकार कळवायचं काम तुझंच आहे, ते काही मी करणार नाही."

फोन उचलला. नंबर लावला. पहिली घंटी वाजायच्या आत ठेवून दिला. तीन महिने मी या माणसाला फोनवर ऐकलं होतं. ही बातमी त्याला नुसती ऐकू जाऊ द्यायची नव्हती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दोन बस बदलून त्याच्या कारखान्यात गेले.

कारखाना जवळजवळ रिकामा झाला होता. यंत्रं गेली होती. जमिनीवर ती जिथे उभी असायची तिथे तेलाचे काळे चौकोन तेवढे उरले होते. वरच्या पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. तो एका कोपऱ्यात झाडत होता. मला बघून झाडू तसाच हातात.

"तुम्ही... इथे?"

"तुमची निवड झालेली नाही," मी म्हटलं. वाटेत घोकलेली सगळी गोड वाक्यं दाराबाहेरच राहिली. "दुसऱ्या बाईंची झाली. त्या खरंच चांगल्या आहेत."

त्याने मान हलवली. झाडू भिंतीला टेकवला. चष्मा काढून शर्टाला पुसला. "बरं झालं, तुम्ही आलात सांगायला." जरा थांबून म्हणाला, "म्हणजे आता तुमच्या कंपनीकडे माझं काहीच मागणं उरलं नाही."

"नाही."

"माझ्या माणसांपैकीही कुणाचं नाही."

"नाही... सगळे लागले."

"मग आता बोलायला हरकत नाही." त्याचा तो मोठा आवाज एकदम लहान झाला. "त्या दिवशी फाटकापाशीच बोलणार होतो. पण नवव्याची नोकरी तुमच्या हातात होती. मनात आलं, आपण काही बोललो आणि तुम्हाला नाही म्हणणं जड गेलं तर? किंवा हो म्हणालात, आणि उद्या कुणी म्हणालं, यानं गोड बोलून माणसं चिकटवली, तर? म्हणून गप्प बसलो. फार जड गेलं हो ते गप्प बसणं... तुम्हाला कळलं असेल."

"मला वाटलं, फाटकातली मी आवडले नाही."

"आवडला नाहीत?" तो इतक्या जोरात म्हणाला की रिकाम्या शेडमध्ये ते चार वेळा घुमलं. दोघंही दचकलो. मग त्याने हळूच विचारलं, "मुलाखतीत मॅडम म्हणाल्या, एक जण स्वतःहून बाजूला झाल्यात, कारण पाकिटात आहे. त्या तुम्ही ना? काय लिहिलंत?"

पत्र्यावरचा पाऊस थोडा वाढला. मी तेलाच्या एका चौकोनात उभी होते, आणि चपलेच्या टोकाने त्याची कड गिरवत होते.

"लिहिलं... की मला हा माणूस आवडतो."

"कंपनीच्या कागदावर?"

"सही-तारखेसकट."

तो पुढे आला, आणि माझ्या हातातली ओली छत्री काढून घेऊन भिंतीला नीट उभी करून ठेवली. मग परत आला आणि माझा तो रिकामा हात आपल्या हातात घेतला. त्याचा हात खरखरीत होता, ऊबदार. आम्ही तसेच उभे राहिलो. चिठ्ठीचं मला पाऊण तासाने आठवलं.

घरी गेले तेव्हा आई दारातच. माझा चेहरा बघून तिने काही विचारलं नाही, नुसती खुर्ची ओढली. मी सांगून टाकलं.

"बरं. करतो काय सध्या?"

"सध्या... काही नाही. कारखाना बंद झाला."

"दुसरीकडे बघतोय?"

"आमच्याकडे अर्ज केला होता. घेतलं नाही."

"कळवलं का त्याला कुणी, की लटकत ठेवलंय?"

"मीच कळवलं. आज."

आईने मला आपादमस्तक न्याहाळलं. "म्हणजे नकारही तूच दिलास आणि होकारही तूच?"

"हो."

"एकाच दिवशी?"

"पाच मिनिटांच्या अंतराने."

आई हसायला लागली. पदराने डोळे पुसून पुसून हसली. मग म्हणाली, "रविवारी बोलव. बघू तरी, तुझ्या तावडीतून सुटून परत तुझ्याच तावडीत येणारा प्राणी कसा आहे तो."

गुरुवारी त्याने तंत्रशाळेत एक तास शिकवून दाखवला. शिकवता शिकवता तास दोन तासांचा झाला, घंटा झाली तरी पोरं उठेनात, आणि मुख्याध्यापकांनी त्याला पुढच्या महिन्यापासून यायला सांगितलं. हे त्याने फोनवर सांगितलं नाही. रविवारी, दारात उभं राहून, चपला काढायच्याही आधी सांगितलं.

आई चहा ठेवायला आत गेली. तो खुर्चीच्या अगदी कडेवर बसला, गुडघे जुळवून, हात मांडीवर, पाठ ताठ. असं बसलेली शेकडो माणसं मी रोज बघते.

मी त्याच्या शेजारी जाऊन बसले.

"मागे टेकून बस ना," मी म्हटलं. बोलून गेल्यावर कळलं, 'तुम्ही' कुठेतरी वाटेतच राहिलं होतं.

त्याला ते माझ्या आधी कळलं असावं. तो मागे टेकला, माझ्याकडे बघितलं, आणि आतून आईने "साखर किती?" असं दोनदा विचारलं तरी दोघांपैकी कुणालाच ऐकू आलं नाही.